२०२५ चा सीझन संपल्यावर बेसबॉलमधल्या पिट्सबर्ग पायरेट्सने आपला पिचर (म्हणजे बॉलर) पॉल स्कीन्सला ट्रेड करावं का, म्हणजे दुसऱ्या टीमला देऊन बदल्यात खेळाडू घ्यावेत का? आणि आयपीएलसारखा लिलाव नाही तर हे ट्रेड, साइनिंग वगैरे चालतं तरी कसं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. पण तुम्ही आयपीएलचं नाव काढलंत म्हणून आधी दुसरं सांगते, कारण ते कळल्याशिवाय माझं "नाही" म्हणजे नुसता फॅनचा हट्ट वाटेल (तो थोडा आहेच, पिट्सबर्गात राहून पायरेट्सना धरून बसलेल्या बाईकडून वेगळं काय मिळणार).

तर लिलाव नाही. अमेरिकेतली मुलं ड्राफ्टमधून येतात, म्हणजे टीम्स पाळीपाळीने नवी मुलं निवडतात, साधारणपणे खराब खेळलेल्या टीम्सना आधी निवडायला मिळतं, आणि त्यात आता लॉटरीही काढतात. २०२३ चा पहिला नंबर पायरेट्सना लागला आणि त्यांनी लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा पिचर पॉल स्कीन्स उचलला, बोनस ९२ लाख डॉलर. डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला, आपण, असे बाहेरचे लोक ड्राफ्टमध्ये नसतात, त्यांना थेट साइन करता येतं. आपण म्हटलं ते गंमत म्हणून नाही, रिंकू सिंग (केकेआरवाला नव्हे) आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकवाले २००८ मध्ये साइन झाले ते याच पायरेट्सकडे. माझे बाबा अजून फोनवर विचारतात, त्या दोघांचं पुढे काय झालं. रिंकू कुस्तीत गेला, डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये वीर महान नावाने खेळला, हे त्यांना काही केल्या पटत नाही.

एकदा मेजर लीगमध्ये आलात की पहिली सहा वर्षं तुम्ही त्या टीमचे. त्यातली पहिली तीन साधारण किमान पगारावर, पुढची तीन आर्बिट्रेशन म्हणजे पगारावर घासाघीस, जमलं नाही तर लवादापुढे. सहा पूर्ण झाली की फ्री एजंट, मग कोणाकडेही जा आणि वाट्टेल तेवढे मागा. २०२४ च्या डिसेंबरमध्ये बॅटर हुआन सोटोला न्यूयॉर्क मेट्सने १५ वर्षांचे ७६ कोटी ५० लाख डॉलर दिले ते असे. इथे पगारावर वरची मर्यादा नाहीच, एका रकमेपुढे गेलात तर टॅक्स भरायचा (२०२५ साठी ती रेघ २४ कोटी १० लाख डॉलरवर होती). पायरेट्सना ती रेघ दुर्बिणीतूनच दिसते.

आणि ट्रेडमध्ये खेळाडूला कोणी विचारत नाही! आयपीएलमध्ये २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सॅमसन चेन्नईला आणि जडेजा राजस्थानला गेला, तिथे निदान खेळाडूची संमती लागते. इथे करारात नो-ट्रेड कलम नसेल, किंवा दहा वर्षं लीगमध्ये आणि त्यातली शेवटची सलग पाच त्याच टीममध्ये झालेली नसतील, तर फोन येतो आणि बॅग भरायची. २०१५ च्या जुलैत मेट्सचा विल्मर फ्लोरेस भर मॅचमध्ये शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली फील्डिंगची जागा) उभा होता, आपण ट्रेड झालोय हे त्याला प्रेक्षकांकडून कळलं आणि तो मैदानावर उभ्या उभ्या बाहीने डोळे पुसायला लागला. तो ट्रेड नंतर फिसकटला. दोनच दिवसांनी त्याच फ्लोरेसने बाराव्या इनिंगला होम रन (आपला सिक्सर समजा) मारून मॅच जिंकून दिली, ते फुटेज बघाच.

आता स्कीन्स. मे २०२४ मध्ये आला, त्या वर्षी रुकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवखा), २०२५ मध्ये साय यंग अवॉर्ड (सर्वोत्तम पिचरचं) आणि तोही एकमताने. ईआरए १.९७, म्हणजे नऊ इनिंगला सरासरी दोन रन्सही नाही. दीडेकशे किलोमीटरच्या वर टाकतो आणि वर तो स्प्लिंकर आहे, स्प्लिटर आणि सिंकरचं मिश्रण, एवढ्या वेगात येऊन शेवटच्या क्षणी खाली बसणारा बॉल, बॅटर फिरवून झाल्यावर स्वतःच्या बॅटकडे बघत राहतो. २०२५ चा पगार ८ लाख ७५ हजार डॉलर. २०२९ च्या सीझनपर्यंत तो आमचा आहे. एक वर्ष जास्त मिळू शकलं असतं, म्हणजे २०२४ मध्ये त्याला एप्रिलभर मायनर्समध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्येच ठेवलं होतं, पण नियम असा की रुकीच्या मतदानात पहिल्या दोघांत आलात की पूर्ण वर्षाची सर्व्हिस धरायची, आणि हा पहिलाच आला. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही, खरं सांगते.

आणि या माणसाचा २०२५ चा विन-लॉस रेकॉर्ड, म्हणजे त्याच्या नावावर लागलेल्या जिंकलेल्या-हरलेल्या मॅच, काय? १०-१०. मे महिन्यात फिलाडेल्फियाला त्याने आठच्या आठ इनिंग एकट्याने टाकल्या, एक रन दिली, आणि आम्ही ०-१ हरलो. कॉम्प्लीट गेम, म्हणजे टीमचं सगळं पिचिंग एकट्याने, टाकून हरणं म्हणजे काय ते टीव्हीवर बघताना नवराही गप्प झाला होता, आणि त्याला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पूर्ण सीझनमध्ये आमच्या टीमने ११७ होम रन मारले, अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात कमी, रन्सही सगळ्यात कमी. घोडं इथे अडलंय. पिचिंगमध्ये नाही.

ट्रेड करा म्हणणारे लोक काय म्हणतात तेही सांगते. एक, पिचरचा हात काचेचा असतो, कोपराचं ऑपरेशन झालं की एक-दीड वर्ष गेलं (आमचाच जॅरेड जोन्स मे २०२५ मध्ये टेबलावर गेला), म्हणून भाव आहे तोवर विका. दोन, २०२९ नंतर तो जाणारच आहे, तर आत्ता विकून चार-पाच तरुण बॅटर मिळवा. तीन, त्यालाच इथे राहायचं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये बातमी फिरली की त्याला न्यूयॉर्कच्या यँकीजकडे जायचंय, त्याने ती साफ नाकारली, जनरल मॅनेजर बेन चेरिंग्टननेही विकणार नाही म्हणून सांगितलं, तरी इथल्या रेडिओवर तेच दळण.

पहिला मुद्दा खरा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही, धोका आहेच. पण दुसऱ्यावर मला बोलायचंय. डेट्रॉइटचा पिचर टारिक स्कूबल बघा, तोही साय यंगवाला, पण तो २०२६ नंतर फ्री एजंट होतो, तिथे विकायचा विचार समजू शकते. आमच्याकडे २०२६ ते २०२९ असे चार सीझन आहेत, चार! हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं? आणि पळत्याचं काय होतं ते सोटोच्याच बाबतीत बघून घ्या. वॉशिंग्टनने २०२२ मध्ये त्याला सॅन डिएगोला दिलं तेव्हा अजून अडीच सीझन हातात होते, आणि बदल्यात मिळालं तेही चिंधी नव्हतं, सीजे एब्रम्स, मॅकेन्झी गोर, जेम्स वुड, तिघेही नंतर ऑल-स्टार (लीगच्या निवडक खेळाडूंच्या मॅचसाठी निवडले) झाले. यापेक्षा चांगला सौदा कोणाला मिळणार? तरी वॉशिंग्टन २०२५ मध्ये ९६ मॅच हरलं.

आणि पायरेट्सच्या व्यवस्थापनाचा इतिहास तर विचारूच नका. जानेवारी २०१८ मध्ये गेरिट कोल, तोही ड्राफ्टचा पहिला नंबर, तोही पिचर, ह्यूस्टनला दिला. मिळाले चार जण, त्यात बरा म्हणावा असा जो मस्ग्रोव्ह, त्यालाही पुढे विकलाच. कोलने २०१९ मध्ये ३२६ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर आउट) काढले आणि मग यँकीजकडून ३२ कोटी ४० लाख डॉलर घेतले. त्याच २०१८ च्या जुलैत, ट्रेडच्या डेडलाइनच्या दिवशी, टँपा बेकडून पिचर क्रिस आर्चर आणायला दिले टायलर ग्लासनाऊ, ऑस्टिन मेडोज, आणि "नंतर नाव सांगू" म्हणून जो तिसरा ठेवला होता तो शेन बाझ. तिघे! आर्चरचा पुढच्या वर्षीचा ईआरए पाचच्या वर. इथल्या कुठल्याही बारमध्ये नुसतं "आर्चर ट्रेड" म्हणून बघा, शेजारचा अनोळखी माणूस तुम्हाला बिअर पाजेल. तेव्हाचा जनरल मॅनेजर गेला, चेरिंग्टन २०१९ मध्ये आला, म्हणून जुनं सगळं त्याच्या माथी मारणार नाही. आणि न्याय म्हणून हेही सांगते की कोलला विकला त्याच आठवड्यात अँड्र्यू मॅकचनला सॅन फ्रान्सिस्कोला दिला तेव्हा बॅटर ब्रायन रेनॉल्ड्स मिळाला, तो सौदा उत्तम होता. पण तो एक.

लोक मिलवॉकीचं उदाहरण देतात. बरोबर आहे, शहर आमच्यासारखंच छोटं, त्यांनी २०२४ मध्ये कॉर्बिन बर्न्ससारखा पिचर दिला आणि तरी २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षी डिव्हिजन (लीगमधला आपला गट) जिंकली, २०२५ मध्ये ९७ मॅच, लीगमध्ये सगळ्यात जास्त. पण त्यांना माणसं पारखता येतात आणि आल्यावर घडवताही येतात. आमच्याकडे पिचर घडतात, बॅटर आला की त्याचं काय होतं देव जाणे. म्हणजे ज्या गोष्टीत आपण कच्चे तीच घ्यायची आणि त्यासाठी जी सगळ्यात पक्की ती द्यायची.

बरं, बॅटर मिळवायला स्कीन्स द्यावाच लागतो असंही नाही, हे २०२५ च्या डिसेंबरने दाखवलं. तीन टीम्सच्या ट्रेडमध्ये आमचा तरुण पिचर माइक बरोज ह्यूस्टनला गेला आणि टँपा बेकडून ब्रँडन लाऊ आला, २०२५ मध्ये ३१ होम रन मारलेला. मग बॅटर रायन ओहर्नला दोन वर्षांचे २ कोटी ९० लाख डॉलर. दोघेही डावखुरे, आणि हे उगाच नाही. आमच्या स्टेडियममध्ये, पीएनसी पार्कमध्ये, एकदा बसून बघा म्हणजे कळेल (वरच्या मजल्यावर थर्ड बेसच्या बाजूला घ्या, समोर नदी, पिवळा क्लेमेंटे पूल आणि मागे शहर, तिकीट स्वस्त असतं, मध्येच पिरोगींचे कपडे घातलेली माणसं शर्यत लावतात, पिरोगी म्हणजे पोलिश लोकांची उकडलेली करंजी समजा). उजव्या हाताचा बॅटर जिकडे ओढून मारतो तिकडे लेफ्ट-सेंटरला ४१० फुटांवर भिंत आहे, दुसरीकडे होम रन झाला असता असा बॉल इथे आरामात कॅच होतो. राइट फील्डची रेघ मात्र ३२० फुटांवर, भिंत २१ फूट उंच, पायरेट्सचा जुना महान खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे याच्या २१ नंबरसाठी. डावखुऱ्याला ती झेपते.

म्हणूनच त्या हिवाळ्यात थर्ड बेससाठी सगळे युहेनियो सुआरेझ सुआरेझ करत होते तिथे मी जरा साशंक होते. २०२५ मध्ये ४९ होम रन मारले, कबूल, पण तेव्हा वय ३४, उजव्या हाताचा, स्ट्राइकआउट भरमसाट, आणि त्या लेफ्ट-सेंटरच्या खड्ड्यात त्याचे किती बॉल मेले असते विचार करा. एका वर्षाचा करार असता तर घ्यायला हरकत नव्हती. तीन वर्षं मागितली असती तर रामराम. केब्रायन हेजला जुलै २०२५ मध्ये सिनसिनाटीला दिल्यापासून ती जागा उघडीच होती, हे मात्र खरं.

खरा अडसर बॉब नटिंग, आमचे मालक. क्लबची किंमत अब्ज डॉलरच्या वर धरतात, आणि २०२५ संपेपर्यंत क्लबच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार रेनॉल्ड्सचाच होता, १० कोटी ६७ लाख ५० हजार डॉलर. २०२५ च्या पहिल्या होम मॅचला विमानाने "टीम विका" असा फलक ओढत स्टेडियमवरून चकरा मारल्या. त्याच दिवसांत राइट फील्डच्या भिंतीवरचं क्लेमेंटेचं २१ चं चिन्ह काढून तिथे दारूच्या कॅनची जाहिरात लावली होती, क्लेमेंटेच्या मुलाने जाहीर नाराजी व्यक्त केल्यावर परत आणलं. दात कोरून पोट भरत नाही हे या माणसाला कोणी सांगावं. छोट्या शहराला परवडत नाही म्हणतात, मग कॅन्सस सिटीने आपल्या बॉबी विट ज्युनियरला २०२४ मध्ये २८ कोटी ८८ लाख डॉलर कुठून दिले? ते शहर काही न्यूयॉर्क नाही.

तर माझं म्हणणं असं. स्कीन्सला २०२५-२६ च्या हिवाळ्यातच मोठा करार पुढे करा, तो बहुतेक नाही म्हणेल, तरी करा, त्याला आणि लॉकर रूमला कळू दे. कॉनर ग्रिफिन, २०२५ मध्ये १९ वर्षांचा असलेला आमचा शॉर्टस्टॉप, त्याला आत्ताच आठ-दहा वर्षांसाठी बांधा, अटलांटाने २०१९ मध्ये तरुण अकुन्याला आठ वर्षांचे १० कोटी डॉलर देऊन बांधला तसा, दोन वर्षांनी तो भाव राहणार नाही. विकायचाच असेल तर दुसरा पिचर मिच केलर विका, २०२८ पर्यंतचा करार आहे, पगार ठरलेला, दरवर्षी इनिंग टाकतो, असा पिचर दहा टीम्सना हवा असतो. तरुण पिचर बबा चँडलर वर आलाच आहे, जोन्स परत येईल, केलरची जागा भरता येते. बदल्यात थर्ड बेस किंवा आउटफील्डचा एक बॅटर, मेजर लीगला तयार असलेला, आणखी चार वर्षांनी पिकणारं एकोणीस वर्षांचं पोरगं नको, ती तूर बाजारात राहू दे.

२०२६ च्या जुलैपर्यंत पुन्हा दहा-बारा मॅच मागे पडलो तर? तर लाऊ विका, तो तसाही २०२६ नंतर फ्री एजंट आहे, कोणी ना कोणी डावखुरा बॅटर शोधत असतंच. स्कीन्सबद्दल कोणाचा फोन आला तर उचलू नका. त्याच्या दिवशी स्टेडियमला जास्त गर्दी होते, हे तर मालकालाही तिकीटविक्रीत दिसत असेल.