सह्याद्रीच्या काळ्या दगडात जीवाश्म का सापडत नाहीत?

कारण तो बेसाल्ट आहे, म्हणजे थिजलेला लाव्हा, आणि जीवाश्म बहुतेक वेळा गाळाच्या खडकातच टिकतात. मेलेला प्राणी किंवा पान कुजण्याआधी चिखल-वाळूखाली गाडलं जावं लागतं. साधारण ११०० अंश सेल्सिअस तापलेल्या लाव्हात अडकलेलं पान जळूनच जाणार. दख्खनचे हे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचले. घाटात रस्त्याच्या कापलेल्या कडेला ते पायऱ्यांसारखे दिसतात. नववी-दहावीच्या भूगोलात एवढं येतंच.

पण 'अजिबात नाहीत' असं मात्र म्हणू नका. दोन उद्रेकांच्या मधे बराच काळ जायचा, तेवढ्यात खोलगट जागी तळी होऊन गाळ साचायचा. त्या पातळ थरांत जीवाश्म मिळतात. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशाच थरात छोट्या बेडकांचे सांगाडे सापडले. डायनोसॉरचे अवशेष हवे असतील तर विदर्भात बघा: चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा, गडचिरोलीतला सिरोंचा भाग. तिथे लाव्हाच्या आधीचे गाळाचे खडक उघडे पडले आहेत.

एक फसगत टाळा. दगड फोडल्यावर आत नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसली, की लोक लगेच जीवाश्म म्हणून फोटो टाकतात. ती बहुधा भेगेतून झिरपलेल्या पाण्याने सोडलेली मँगनीजची ऑक्साइडं असतात. खऱ्या पानाला मधली शीर असते, फांद्या ठरावीक अंतराने फुटतात. ही नक्षी भेगेच्या कडेपासून वेडीवाकडी पसरते.