वाचकांचे प्रश्न: हिवाळी हिमालय आणि हिमस्खलन

प्रश्न (पुणे): फेब्रुवारीत आम्ही सहा जण गुलमर्गला स्कीइंगला जातोय. गोंडोलाच्या (रोपवेच्या) वरच्या टप्प्यावरून हद्दीबाहेरच्या उतारांवर जायचा बेत आहे. दोन दिवस बर्फ पडून स्वच्छ ऊन पडलं की उतार सुरक्षित समजायचा का?

उत्तर: मुळीच समजू नका. वादळानंतरचा पहिला निळ्या आभाळाचा दिवस सर्वांत फसवा असतो. नव्या बर्फाचं वजन उतारावर नुकतंच पडलेलं असतं आणि लोक बाहेर पडायला उतावीळ असतात.

घात होतो तो खालच्या थरात. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास आणि वर उणे पंधरा असलं, की खालची वाफ वर सरकते आणि तळाच्या बर्फाचे सुटे, टोकदार दाणे होतात. छोटा खड्डा खणून हा बर्फ मुठीत दाबून पाहा. जाड्या साखरेसारखा बोटांमधून निसटतो, गोळा होत नाही. त्यावर वाऱ्याने दाबून बसवलेली लादी आली की सापळा तयार. एका माणसाच्या वजनाने दाणे ढासळतात, भेग क्षणात दूरवर पळते आणि तुमच्या वरचा अख्खा पट्टा सुटतो.

असं बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारांवर घडतं. क्लिनोमीटर (उताराचा कोन मोजायचं साधन) असलेला कंपास खिशात ठेवा, नजरेचा अंदाज हमखास चुकतो. वारा ज्या बाजूने येतो तिथला बर्फ उचलून धारेपलीकडच्या आडोशाला रचतो; बर्फ पडत नसला तरी तिथलं ओझं वाढत राहतं. पायाखाली ‘धप्प’ असा खोल आवाज आला, स्कीपुढे भेगा धावल्या किंवा शेजारच्या उतारावर ताजं स्खलन दिसलं, तर चर्चा न करता मागे फिरा आणि तीस अंशांखालच्या उतारांवर राहा.

चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचं हिमस्खलन पत्रक रोज पाहा. धोक्याच्या पाच पायऱ्यांपैकी तिसरीला लोक ‘मध्यम’ समजून निघतात. त्या पायरीवर एकट्या माणसाच्या वजनानेही स्खलन सुटू शकतं.

प्रश्न (नाशिक): आमची हिवाळी ट्रेकची वाट जवळजवळ सपाट आहे. तरी काळजी करायची?

उत्तर: घाटात दरड कोसळते तेव्हा खालचा रस्ता सपाटच असतो. वाटेच्या वर काय आहे ते पाहा. जंगलात मधेच झाडं नसलेला उभा पट्टा किंवा फक्त चढाकडच्या बाजूच्या फांद्या मोडलेली झाडं म्हणजे स्खलनाची नेहमीची वाट. तिथे तंबू, जेवण, फोटो काहीही नको. ओलांडायचंच असेल तर एकेकाने जा, बाकीच्यांनी स्खलनाच्या वाटेबाहेर सुरक्षित जागी थांबून नजर ठेवा.

प्रश्न (डोंबिवली): बीकन (बर्फात गाडलेला माणूस शोधायचं रेडिओ यंत्र) भाड्याने मिळतो. तो पुरेसा आहे का?

उत्तर: प्रत्येकाकडे तीन वस्तू हव्यात: 457 किलोहर्ट्झचा बीकन, किमान 240 सेंटीमीटरचा प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी) आणि धातूचं फावडं. फावड्याशिवाय बीकन म्हणजे माणूस कुठे आहे हे कळूनही त्याला काढता न येणं. दबलेल्या बर्फात हातांनी खणणं जमत नाही.

निघताना प्रत्येकाचा बीकन सिग्नल सोडतोय का, आणि पकडतोय का, हे दोन्ही तपासा. शोध घेताना मोबाइल बंद ठेवा किंवा बीकनपासून किमान 50 सेंटीमीटर लांब ठेवा. तो सिग्नल बिघडवतो.

कुणी गाडला गेला तर तो शेवटचा जिथे दिसला ती जागा लक्षात ठेवा. पुन्हा स्खलनाचा धोका नाही हे पाहून तिथून खाली शोध सुरू करा. सगळे बीकन शोधावर टाका. एकही सिग्नल सोडत राहिला तर गोंधळ उडतो. बीकनवरचा अंतराचा आकडा तीन मीटरवर आला की तो बर्फालगत धरून, दिशा न बदलता, हळू पुढे-मागे आणि आडवा सरकवा. सर्वांत कमी आकड्यापासून 25 सेंटीमीटर अंतराने, गोल गोल बाहेर जात, उताराला काटकोनात प्रोब खुपसा. अंगाला लागला की तो तिथेच राहू द्या. खणायची जागा उताराच्या खालच्या अंगाला, खोलीच्या साधारण दीडपट अंतरावर. सरळ वरून खणलं तर तुमचंच वजन त्याच्यावर पडतं. आधी तोंड आणि छाती मोकळी करा, तोंडातला बर्फ काढा.

पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलेले बहुतेक जण वाचतात; पुढे गुदमरून शक्यता झपाट्याने घसरते. बाहेरची मदत एवढ्यात येत नाही. म्हणून निघण्याआधी मैदानात, पिशवीत बीकन पुरून, घड्याळ लावून प्रत्येकाने तो शोधून खणून काढावा. पाच मिनिटांत जमत नसेल तर अजून सराव करा.