जालन्याजवळच्या १० गुंठ्यांच्या पॉलीहाऊसला फॅन-पॅड बसवावं का?

तुमचं साधं, बाजूला पडदे असलेलं पॉलीहाऊस आहे, आत जरबेरा आहे, एप्रिल-मेमध्ये फुलं बारकी पडतात, दांडे आखूड राहतात. फॅन-पॅडने, म्हणजे एका भिंतीला वरच्या पाइपातल्या पाण्याने भिजत राहणारा जाळीदार पुठ्ठ्याचा पॅड आणि समोरच्या भिंतीला हवा बाहेर ओढणारे पंखे बसवून, फरक पडेल का, हा तुमचा प्रश्न. मी गेली आठ वर्षं फॅन-पॅडखाली भाजीपाल्याची रोपं करतोय. जालन्याच्या उन्हाळ्यात हे काम करतं, आणि छान करतं. पण तुमचं घोडं गारव्यापाशी अडणार नाही, पाण्यापाशी अडेल.

माठातलं पाणी मे महिन्यात गार लागतं आणि पावसाळ्यात लागत नाही, तोच हा न्याय. हवा जितकी कोरडी, तितकं पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. तुमच्या शेतात हे किती होईल, ते कोटेशन मागवण्याआधी स्वतः मोजा. दोन साधे थर्मामीटर आणा. एकाच्या फुग्याला मलमलची ओली चिंधी गुंडाळून तिचं टोक पाण्याच्या वाटीत सोडा. दोन्ही सावलीत टांगा आणि दुपारी दोन-अडीचला ओल्या चिंधीला पुठ्ठ्याने वारा घालत आकडे वाचा. कोरडा ४० दाखवत असेल आणि हवेत आर्द्रता २० टक्के असेल, तर ओला २२-२३ वर येतो. म्हणजे १७ अंशांचा फरक. चांगला पॅड त्यातला साधारण ८० टक्के मिळवून देतो, म्हणून पॅडमधून २६-२७ ची हवा आत येते. पंख्यापर्यंत पोचताना ती उन्हाने पुन्हा ४-५ अंश चढते, म्हणून पॅड ते पंखा अंतर ३०-४० मीटरच ठेवावं. कोकणात ३३ तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असताना हाच खटाटोप केला तर जेमतेम ४ अंश मिळतात आणि तेही वाटेतच संपतात. तिथे मी कुणाला पॅड बसवू देणार नाही.

आता तुमच्या १० गुंठ्यांचा हिशेब. आतली हवा मिनिटाला साधारण एकदा बदलायची, तर ५० इंची चार पंखे लागतील. चार इंच जाडीचा पॅड १.८ मीटर उंच धरला तर लांबी १८ मीटर. भर दुपारी त्यातून तासाला ८००-९०० लिटर पाणी उडून जाईल. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच चालवलं तर दिवसाला पाच-सहा हजार लिटर. तुमची सहा हजार झाडं ठिबकवर दिवसाला चारेक हजार लिटर पितात. म्हणजे पिकापेक्षा पॅडच जास्त पिणार, तेही विहीर तळाला गेलेली असताना! शेततळं असेल तरच पुढचा विचार करा.

बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर अजून जपावं लागतं. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, आणि टाकीतलं थोडं पाणी रोज सोडून दिलं नाही तर पॅडवर पांढरी पुटं चढतात. दुसऱ्या वर्षी माझ्या वरच्या पाइपाची तीन-चार छिद्रं क्षारांनी बुजली. त्याखाली पॅडवर हातभर रुंद कोरडा पट्टा पडला होता. हात धरला तर बाकी सगळीकडे गार, तिथे मात्र भट्टीतली झळ. समोरच्या दोन वाफ्यांतली मिरचीची रोपं कोमेजली तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून रोज सकाळी पॅडवरून हात फिरवतो. संध्याकाळी पंप आधी बंद करतो आणि पंखे वीसेक मिनिटं चालू ठेवतो. पॅड रात्रभर कोरडा राहिला की शेवाळ धरत नाही.

आणि लाईट. फॅन-पॅडसाठी बाजूचे पडदे बंद ठेवावे लागतात. अशा बंद पॉलीहाऊसमध्ये दुपारी एकला लाईट गेली, तर दहा-पंधरा मिनिटांत आत उभं राहवत नाही. जनरेटर नसेल तर पॅड नकोच.

तुमच्या जागी मी असतो तर यंदा फॅन-पॅड बसवलं नसतं. वरची खिडकी पूर्ण उघडी, आतून ५० टक्के शेडनेट अकरा ते चार ओढलेली आणि फॉगर (धुक्यासारखा बारीक फवारा) थोडा थोडा वेळ, पण चारनंतर बंद, कारण फुलं रात्री ओली राहिली की करपा आणि बुरशी आलीच. खर्च पॅडच्या मानाने फार कमी आणि नंतर पॅड बसवलं तरी शेडनेट वाया जात नाही.

आठ दिवसांचे कोरडे-ओले आकडे आणि तुमच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) इथे लिहा. पाहून सांगतो.