पुण्याजवळच्या मुळशी धरणावर मुलाबाळांसह पहिल्यांदा जाताना

जायचंच तर दिवाळीच्या आसपास जा. धरण भरलेलं असतं, डोंगरही अजून हिरवे असतात. मे महिन्यात 'लेक व्ह्यू' खोलीचे जादा पैसे मोजू नका. पाणी इतकं मागे सरतं की खिडकीतून भेगाळलेला गाळच दिसायचा. जुलैत धुकं सगळंच गिळतं, आणि मुलांचे कपडे काही केल्या वाळत नाहीत. बुकिंगआधी फोन करून विचारा: काठापर्यंत पायऱ्या किती, कुंपण आहे का? आजी-आजोबा बरोबर असतील तर तळमजलाच मागा. धरणाच्या पाण्यात मुलांना अजिबात उतरू देऊ नका, वरून शांत दिसलं तरी काठ एकदम खोल जातो. डुंबायला रिसॉर्टचा पूल असतो की! शनिवारी पुण्यातून निघताना लागणारा चांदणी चौक सकाळी 7 च्या आत ओलांडा. पेट्रोल भरणं मात्र वाटेतल्या पौड गावाच्या पुढे ढकलू नका.