सिटीज: स्कायलाइन्स या शहर वसवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये सहापदरी रस्ता बांधूनही सगळ्या गाड्या एकाच लेनमध्ये का तुंबतात? लोक खिशातून गाड्या काढतात, हे बग इतक्या वर्षांत दुरुस्त का झाले नाहीत?

तुम्ही २०१५चा पहिला भाग खेळताय असं धरून लिहितो. माझ्या प्रत्येक शहरात ही रांग लागली आहे.

पण रांगेला मी बग म्हणणार नाही. गाडी घरातून निघते तेव्हाच तिचा पूर्ण मार्ग ठरतो, अगदी लेनसकट. तीन चौक पुढे उजवीकडे वळायचं असेल, तर ती आत्तापासूनच उजवी लेन धरून बसते. शेजारच्या दोन लेन मोकळ्या असल्या तरी तिला त्याचं काही नाही. आपल्याकडे एखादा रिक्षावाला ऐनवेळी आडवा घुसला असता. इथली माणसं भलतीच शिस्तीची! एका वेळी रस्त्यावर १६,३८४ गाड्या असू शकतात. त्या सगळ्यांचा मार्ग क्षणोक्षणी नव्याने काढायचा म्हटलं तर कॉम्प्युटर आडवा पडेल.

खिशातल्या गाडीचं मात्र समर्थन होत नाही. पार्किंग मिळालं नाही की माणूस गाडी गायब करतो, आणि निघताना फुटपाथवर उभ्या उभ्या पुन्हा काढतो. तसंच फार वेळ अडकलेली गाडीही गेम गुपचूप पुसून टाकतो. ही पुसण्याची सोय ट्रॅफिक मॅनेजर: प्रेसिडेंट एडिशन या मॉडमध्ये (म्हणजे खेळाडूंनीच बनवलेल्या, गेमला जोडायच्या भरीत) बंद करता येते. मी केली, आणि वीस मिनिटांत शहर ठप्प! म्हणजे इतके दिवस मी ज्या रस्त्यांचं कौतुक करत होतो, ते गाड्या पुसल्या जात होत्या म्हणून चालत होते.

मग एका गाडीवर क्लिक करून तिच्यामागे गेलो. कोंडीचं मूळ निघालं मेट्रो स्टेशनसमोर. सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवरून माणसांची धार संपतच नव्हती आणि गाड्या बिचाऱ्या थांबून. पादचारी पूल बांधला, तर त्यावर कुत्रंसुद्धा चढेना, कारण उतार इतका लांब ठेवला होता की खालून जाणंच जवळचं पडत होतं. पूल मोडून थेट स्टेशनच्या दाराशी उतरवला आणि खालचं क्रॉसिंग त्याच मॉडने बंद केलं. रांग अर्ध्यावर आली.

दुसऱ्या भागात (२०२३) गाड्या वाटेत लेन बदलतात खऱ्या, पण भर रस्त्यात यू-टर्न मारणारे महाभागही तिथेच भेटतात.

तेव्हा आणखी लेन वाढवू नका. आधी चौकांमधलं अंतर वाढवा, मग मॉडमधल्या लेन कनेक्टरने कुठल्या लेनमधून कुठे वळायचं ते स्वतः आखा. त्याच मॉडमधली पार्किंगची सेटिंगही चालू करा. मग माणूस जिथे गाडी लावली तिथपर्यंत चालत जातो. मात्र हे सगळं करण्याआधी सेव्ह केलेल्या शहराची एक प्रत बाजूला ठेवा. मी ठेवली नव्हती.