पहाटे साडेचारचं बँडपथक

ऑनलाइन खेळात गुंतलेल्या मुलांचे पालक समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न मोठ्याने विचारतात: 'व्यसन लागलंय का?' दुसरा प्रश्न मुलाला बाहेरच्या खुर्चीवर बसवून, आवाज खाली आणून येतो: 'हे सगळं खोटं आहे, एवढं तरी त्याला कळतंय ना हो?' पहिल्याबद्दल वर्तमानपत्रांत भरपूर छापून येतं. दुसऱ्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून ही केस. कुटुंबाची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

नाशिकच्या इंदिरानगरचं कुटुंब. वडील अंबडला एका कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंगला, आई घरी शिकवण्या घेते, एकुलती एक मुलगी अकरावी सायन्सला. पहाटे पाणी भरायला उठलेल्या आईला मुलीच्या खोलीतून बोलणं ऐकू आलं. मुलगी इंग्रजीत कुणाला तरी सांगत होती, 'ही इज एजिंग आउट. दिस इज हिज लास्ट नाइट.' आणि मग रडण्याचा आवाज. आईच्या पोटात गोळा आला. कोण तो, कसली शेवटची रात्र? सकाळी विचारलं तर उत्तर मिळालं, 'काही नाही गं, आमचं पथक तेरावं आलं.' घरात कुणीही कुठल्याही पथकात नाही.

दोन दिवसांनी आईने लॅपटॉप उघडला. त्यात एक भलीमोठी यादी निघाली, 165 जणांची. प्रत्येकाचं नाव, वय, गाव, वाद्य. काहींच्या पुढे 'गुडघा दुखावला', 'आईला बरं नाही' असे शेरे. ही माणसं कोण, असं विचारल्यावर मुलगी म्हणाली, 'माझी पोरं आहेत.' वडिलांना जुगाराचा संशय आला, त्यांनी राउटर बंद करून बॅगेत घालून कामावर न्यायला सुरुवात केली. मुलगी मोबाइल डेटावर गेली. मग ते माझ्याकडे आले.

मुलीशी एकटीशी बोलायला बसले तेव्हा खेळाचा विषय मी आधी काढलाच नाही. 'शेवटची रात्र' हे शब्द आईने ऐकले होते, त्यामुळे तिला सरळ विचारलं की मरून जावंसं वाटतं का, स्वतःला इजा करावीशी वाटते का. असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरेल अशी पालकांना धास्ती असते. ती निराधार आहे. विचारल्याने मुलं मोकळी होतात. ही तर माझ्याकडे बघतच राहिली आणि म्हणाली, 'मॅडम, आईला वाटलं की कुणीतरी मरतंय?' आणि हसत सुटली. हसणं थांबल्यावर तिने जे सांगितलं ते मला तरी पूर्ण नवीन होतं.

अमेरिकेत ड्रम कोअर नावाचा प्रकार आहे. आपल्या शाळेच्या बँडचा फार मोठा, फार शिस्तीचा भाऊ म्हणा. पितळी वाद्यं, ढोल-ताशांच्या जातीतली तालवाद्यं आणि झेंडे घेऊन नाचणारा कलर गार्ड, असं दीडशेच्या वर मुलांचं पथक फुटबॉलच्या मैदानावर दहा-बारा मिनिटांचा कार्यक्रम करतं. चालता चालता वाजवायचं आणि त्याच वेळी मैदानावर आकृत्या उमटवायच्या. पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे प्रत्येक पाऊल साडेबावीस इंचांचं. कितव्या ठोक्याला कोण कुठल्या ठिपक्यावर असेल ते आधी आखलेलं असतं. 1972 पासून, कोविडची दोन वर्षं सोडली तर, दर उन्हाळ्यात त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात, अलीकडे इंडियानापोलिसच्या स्टेडियममध्ये ऑगस्टमध्ये. गुण शंभरांपैकी: चाळीस एकंदर परिणामाला, तीस दृश्याला, तीस संगीताला. अंतिम फेरीत बाराच पथकं जातात. म्हणजे तेराव्या पथकाच्या नशिबी काय येतं, ते कळलंच असेल. आणि साधारण एकवीस-बावीस वर्षांचं झालं की पथकात राहता येत नाही. त्यालाच ते एजिंग आउट म्हणतात. वय संपतं ते पथकापुरतं.

मुलगी खेळत होती तो ह्या जगाचा ऑनलाइन खेळ. त्यात गोळीबार नाही, चित्रंसुद्धा जवळपास नाहीत. प्रत्येकाने आपलं काल्पनिक पथक काढायचं. गाव ठरवायचं, गणवेशाचे रंग, कार्यक्रमाचा विषय, संगीताची निवड, शिक्षक, दौऱ्याचं वेळापत्रक, पैसे. मग हंगाम चालतो, गुण लागतात, पथकं वर-खाली होतात. हिची दोन पथकं होती. एक अमेरिकेतल्या एका छोट्या गावचं, दुसरं चक्क नाशिकरोडचं. नाशिकरोड कुठे आहे हे आता बऱ्याच परदेशी मुलांना ठाऊक झालंय, असं तिने मला अभिमानाने सांगितलं. त्या रात्री वय संपलं ते तिच्या पथकातल्या एका स्नेअरवाल्याचं, म्हणजे स्नेअर नावाचा ड्रम वाजवणाऱ्या काल्पनिक मुलाचं. चार हंगाम तिने त्याला वाढवलं होतं, आणि त्याच्या शेवटच्या वर्षी पथक तेरावं आलं. सोबतच्या मुलांना ती तेच सांगत होती.

'हा मुलगा तुझ्याशी बोलतो का? नको असताना, अभ्यास करताना वगैरे?' मी विचारलं.

'मॅडम, तो एक्सेलमधली ओळ आहे.'

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. काल्पनिक माणसासाठी रडणं आणि ते माणूस खरं समजणं ह्यांत फार अंतर आहे. मालिकेतल्या सुनेसाठी अख्खा महाराष्ट्र रडतो, त्याला कुणी समुपदेशकाकडे नेत नाही. काळजी कधी करायची? मुलाला आवाज ऐकू येत असतील, कुणी आपल्यावर पाळत ठेवतंय असं वाटत असेल, कल्पनेतून बाहेर यायचं म्हटलं तरी येता येत नसेल, बोलण्याचा धागा तुटत असेल, तर खेळाचा विचार सोडून थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. हिच्यात ह्यातलं काही नव्हतं. उलट एवढं मोठं काल्पनिक जग नीट सांभाळायला डोकं फार ताळ्यावर लागतं, असं माझं मत आहे.

मग व्यसन? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-11 मध्ये, गेमिंग डिसऑर्डर आहे. ही यादी जानेवारी 2022 पासून लागू झाली. पण तिची अट तासांची नाही. खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होत जाणं, नुकसान दिसत असूनही तो चालू ठेवणं किंवा वाढवणं, आणि ह्या सगळ्याचा अभ्यासावर, घरावर, माणसांवर ठळक परिणाम होणं. हे साधारण वर्षभर दिसावं लागतं, फार तीव्र असेल तर त्याआधीही निदान होऊ शकतं. हिचे मार्क घसरले होते, हे खरं. दोन मैत्रिणींशी बोलणं तुटलं होतं, पण अकरावीत त्या वेगळ्या क्लासला गेल्या म्हणून. परीक्षेच्या काळात तिने स्वतःहून तीन आठवडे खेळ बंद ठेवला होता, सहाय्यकाकडे पथक सोपवून. ताबा सुटलेलं मूल असं करत नाही.

वडिलांच्या शंकेचा निकाल त्या मानाने लवकर लागला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केला, आणि तेव्हापासून पालकांच्या मनात सगळेच खेळ एका पारड्यात पडलेत. ह्या खेळात वॉलेट नव्हतं, पैज नव्हती, काही विकत घ्यायचंही नव्हतं. मात्र सोबत खेळणारे कोण, हे आम्ही नीट पाहिलं. बरेचसे कॉलेजची मुलंमुली, काही पस्तिशी-चाळिशीचे, एकेकाळी खरंच पथकात वाजवलेले. म्हणून नियम घातले: खरं नाव, कॉलेज, फोटो द्यायचा नाही, एकट्या मोठ्या माणसाशी खासगी गप्पा नाहीत. तिने कुरकुर केली नाही. यातले बहुतेक तिथले नियमच होते म्हणाली.

खरी अडचण होती ती घड्याळाची, आणि तिच्याकडे घरात कुणाचंच लक्ष नव्हतं. गुण जाहीर व्हायचे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला. उन्हाळ्यात ते आपल्याकडे पहाटेचे साडेचार. आठवड्यातून दोन-तीनदा ती त्यासाठी जागी राहायची, साडेपाचला झोपायची आणि सातला क्लासला निघायची. ह्या वयात आठ ते दहा तास झोप लागते. मार्क, चिडचिड, जेवणाची नावड, आईवर खेकसणं, वडिलांनी खेळाच्या खात्यावर लिहिलेलं बरंचसं कर्ज मुळात झोपेचं होतं.

राउटर बॅगेत नेण्याबद्दल मी वडिलांना स्पष्ट सांगितलं की त्याचा उपयोग शून्य आहे. हंगामाच्या मध्यात अचानक तोडलं तर मूल लपून खेळतं, आणि इतरांना दिलेला शब्द मोडल्याची बोच वेगळीच. त्याऐवजी एक काम दिलं: अर्धा तास तिच्या शेजारी बसा, ती दाखवेल ते बघा, फक्त प्रश्न विचारा. उपदेश नाही.

ते बसले. पुढच्या भेटीत मुलीने मला जे सांगितलं ते वडिलांच्या समोरच सांगितलं, त्यामुळे खरं असावं. पहिली दहा मिनिटं ते गप्प. मग तिने दौऱ्याची शीट उघडली. वडील वाकून बघायला लागले. '165 मुलं आणि तीन बस? पंचावन्नच्या तीन म्हणजे बरोब्बर 165. शिकवणारे कुठे बसणार, टपावर?' ती म्हणाली, स्टाफची चौथी बस दुसऱ्या शीटवर आहे. 'आणि वाद्यं?' ट्रक वेगळा. 'स्वयंपाक?' त्याचाही ट्रक. 'डिझेल कमी धरलंयस. रिकामा ट्रक आणि भरलेला ट्रक सारखंच खातो का?' अर्ध्या तासाचे दोन तास झाले. कारखान्यात ते हेच काम करतात: माणसं, माल, वेळ आणि पैसा एका कागदावर बसवणं. घरात कुणीतरी तेच काम पगाराशिवाय करत होतं हे त्यांना माहीत नव्हतं. खेळ वाईटच, हे त्यांचं मत तेवढ्याने बदललं नाही. पण त्या दिवसापासून राउटर घरीच राहिला.

मग नात्यातल्या सगळ्यांनी द्यायचा तो सल्ला आलाच. नाशिकमध्ये राहून खोटी पथकं कशाला? गणपतीच्या आधी महिना-दोन महिने मैदानामैदानांवर ढोलपथकांचे सराव सुरू होतात, मुलीही भरपूर असतात, तिचा चुलतभाऊही एका पथकात वाजवतो. घाला तिला. मलाही विचारलं गेलं. मी म्हटलं, तिलाच विचारा. ती एकदा सरावाला जाऊन आली. आल्यावर म्हणाली, 'मस्त आहे, पण मला वाजवायचं नाहीये. मला बसवायचंय.' शाळेत नववीपर्यंत ती बँडमध्ये साइड ड्रम वाजवायची, तेव्हाही तिचं लक्ष ड्रमपेक्षा रांगा वळताना कुठे तुटतात ह्याच्याकडे असायचं. दहावी आली, बँड सुटला, आणि नंतर कधीतरी तिला ड्रम कोअरचे व्हिडिओ सापडले. 'खरं काहीतरी कर' हा सल्ला अशा मुलांना लागू पडत नाही, कारण त्यांना आवडतं ते काम खऱ्या जगात सोळाव्या वर्षी कुणी हातात देत नाही. दीडशे माणसांचं मैदान तिला नाशिकमध्ये कोण सोपवणार होतं?

ठरलं ते साधं होतं. रात्री साडेदहाला लॅपटॉप आणि फोन दोन्ही हॉलमध्ये चार्जिंगला. निकाल सकाळी उठल्यावर बघायचा, तो कुठे पळून जात नाही. दोनऐवजी एकच पथक. कुठलं ठेवायचं हे तिने ठरवायचं. तिने नाशिकरोडचं ठेवलं, अमेरिकेतलं सोबतच्या एका मुलीला चालवायला दिलं. पहिले दोन आठवडे फार वाईट गेले. ती दारं आपटायची, आईचे मला रात्री फोन. तिसऱ्या आठवड्यात झोप रुळावर आली आणि खेकसणं कमी झालं. मैत्रिणींपैकी एकीशी पुन्हा बोलणं सुरू झालं, दुसरीशी नाही.

तुमच्या घरातलं चित्र ह्याहून गंभीर असेल, मूल कॉलेजला जाणंच बंद झालं असेल, अडवल्यावर अंगावर येत असेल किंवा मरणाची भाषा करत असेल, तर माझ्यासारखीची वाट बघत बसू नका. टेलि-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. बेंगळुरूच्या निमहान्स ह्या मानसिक आरोग्य संस्थेत 2014 पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी वेगळं क्लिनिकही आहे.

ऑगस्टमध्ये आईचा फोन आला. खेळातली अंतिम फेरी रविवारी पहाटे होती, मुलीने एका रात्रीची सूट मागितली होती. देऊ का? मी म्हटलं, वर्षातून एकदा द्या. सोमवारी क्लासची टेस्ट होती, म्हणून रविवारी दुपारी झोपायचं अशी अट आईने घातली, आणि ती पाळली गेली. आता घरात नवा वाद आहे. वडिलांना वाटतं हिने इंडस्ट्रियल इंजिनीअरिंगला जावं, तिला नाटक-नृत्याच्या बाजूला जायचंय, आणि आईला वाटतं आधी बारावी तर होऊ दे. हा वाद कुठल्याही घरातला आहे, त्यासाठी माझी फी भरू नका, असं मी तिघांनाही सांगितलंय.