स्मरणपत्राने घड्याळ थांबत नाही

सदर : आस्थापना शाखेतून

या महिन्याच्या टपालात कार्यालयातल्या भेदभावाची पत्रं जास्त आली आणि जवळपास प्रत्येकाच्या शेवटी तीच विचारणा: "ताई, अजून मुदत आहे ना?" म्हणून वेतननिश्चिती आणि निवृत्तिवेतनाची पत्रं पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवली. नावं आणि कार्यालयं गाळली आहेत. तारखा गाळल्या नाहीत, कारण त्यांच्याशिवाय उत्तरच देता येत नाही.

प्रश्न : मी मुंबईतल्या एका राज्य शासकीय कार्यालयात लिपिक-टंकलेखक आहे. प्रसूती रजा संपवून फेब्रुवारी २०२५ मध्ये रुजू झाले. २० जून २०२५ ला वरिष्ठ लिपिक पदाचे पदोन्नती आदेश निघाले. ज्येष्ठता यादीत माझ्या खाली असलेल्या दोघांची नावं त्यात आहेत, माझं नाही. साहेब म्हणाले, "बाळ लहान आहे तुमचं, धावपळ झेपायची नाही. पुढच्या वेळी बघू." ७ जुलैला मी लेखी निवेदन दिलं. उत्तर नाही. अधूनमधून स्मरणपत्र देते. शेजारच्या टेबलावरचे काका म्हणतात, शेवटच्या स्मरणपत्रापासून एक वर्ष मोजतात, घाई करू नकोस. खरं आहे का? (एप्रिल २०२६)
– एक भगिनी, कुर्ला

उत्तर : काकांना माझा नमस्कार सांगा, पण त्यांचा सल्ला त्यांच्यापाशीच राहू द्या.

तुमचं दार आहे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे आपलं मॅट. तिथली मुदत १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियमाच्या कलम २१ मध्ये आहे. अंतिम आदेश झाला की त्या तारखेपासून एक वर्ष. आदेशाविरुद्ध अपील किंवा निवेदन दिलं आणि सहा महिने कोणी काही कळवलंच नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. या दुसऱ्या हिशेबाने तुमची मुदत ७ जानेवारी २०२७ पर्यंत जाते, आणि तुमच्या कार्यालयातलं कोणीतरी तुम्हाला हीच तारीख सांगून निश्चिंत करणार हे मला आत्ताच दिसतंय.

त्या तारखेवर विसंबू नका. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने मध्य प्रदेशातल्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की, सेवानियमांत ज्याची तरतूद आहे त्याच अपिलाचा किंवा निवेदनाचा काळ मुदतीच्या हिशेबात धरायचा. नियमात नसलेली निवेदनं पुन्हा पुन्हा दिल्याने मुदत वाढत नाही. तुमचं ७ जुलैचं निवेदन पहिल्या प्रकारचं की दुसऱ्या, यावर सरकारी वकील पहिल्याच तारखेला बोट ठेवतील. ते दुसऱ्या प्रकारचं ठरलं तर तुमचं वर्ष २० जून २०२६ ला संपतं. त्या दिवशी शनिवार आहे, म्हणून शुक्रवार १९ जून ही तुमची तारीख धरा. मधे मे महिना आहे, सुट्ट्यांचे दिवस आहेत, वकील गावी जातात. शेवटची लोकल आहे म्हणून समोर उभी असलेली गाडी सोडणारा मुंबईकर मी तरी पाहिलेला नाही.

आणखी एक सापळा. समजा उद्या कार्यालयाला जाग आली आणि "आपली विनंती मान्य करता येत नाही" असं दोन ओळींचं पत्र आलं. तर तिथून नवं वर्ष सुरू होईल असं समजू नका. शिळ्या मागणीला उशिरा दिलेल्या उत्तराने ती मागणी ताजी होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलेलं आहे. वेतनवाढ रोखली, कमी श्रेणीत पगार दिला, तर दर महिन्याला नवं नुकसान होतं असं मानतात. तिथे उशीर पोटात घालतात, मात्र थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांचीच देतात. पदोन्नतीचं तसं नाही. तिच्यात दुसऱ्याची ज्येष्ठता गुंतलेली असते. तुमच्या जागी बसलेला माणूसही वर्षभरात तिथे रुळतो, आणि मग न्यायालयाचाही हात आखडतो.

आता कामाचं. विभागीय पदोन्नती समितीच्या बैठकीचं इतिवृत्त आणि तुमच्यासंबंधीची टिप्पणी माहिती अधिकारात आजच मागा. उत्तराला ३० दिवस असतात, म्हणजे मेअखेर कागद हाती यावा. न आला तरी अर्ज अडवू नका. माहिती मागितल्याची पोच जोडा आणि कागद सादर करण्याचे निर्देश मॅटकडेच मागा. तुमच्या ७ जुलैच्या निवेदनावर आवक क्रमांक आणि शिक्का आहे का, हे तपासा. नुसतं "साहेबांच्या हातात दिलं" याला काही अर्थ नाही. पदोन्नती मिळालेल्या त्या दोघांना प्रतिवादी करावं लागेल. वाईट वाटेल, रोज एकत्र डबा खाता, पण त्यांना न ऐकता त्यांच्या आदेशाला हात लावता येत नाही. मागणी नुसती "पदोन्नती द्या" अशी करू नका. कनिष्ठांना ज्या दिवशी मिळाली त्या दिवसाचा मानीव दिनांक मागा, म्हणजे तुमचीही पदोन्नती त्याच दिवशी झाली असं धरलं जाईल, नाहीतर पुढच्या यादीत पुन्हा त्यांच्या खालीच राहाल.

बाळाबद्दलचं ते वाक्य कधी, कुठे, कोणासमोर म्हटलं गेलं, ते आज लिहून काढा. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६ मध्ये सरकारी नोकरीत लिंगावरून भेदभावाला मनाई आहे, आणि आईपणावरून बाजूला सारणं हे बाईपणावरूनच बाजूला सारणं आहे. मी आस्थापनेत असताना अशा टिप्पण्या वाचलेल्या आहेत. त्यांची भाषा नेहमी काळजीची असते: "कौटुंबिक परिस्थिती विचारात घेता". लहान मुलाच्या बापाच्या नस्तीत हे वाक्य मला कधी दिसलं नाही.

इतकं करूनही १९ जून हुकलाच, तर कलम २१ मध्येच विलंब माफीचा अर्ज आहे. सबळ कारण लागतं, आणि "साहेब बघतो म्हणाले होते" हे सबळ कारण नव्हे.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ महानगरपालिकेत आहे आणि मेहुणा रेल्वेत. दोघांनाही मॅटच का?
– एक वाचक, परळ

उत्तर : दोघांनाही नाही. मेहुण्यांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे कॅट. त्याचं खंडपीठ मुंबईत आहे आणि मुदतीचं कलम तेच, २१. पालिकेचा कर्मचारी मॅटच्या कक्षेत येत नाही. त्याच्यासाठी अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा १९७१ चा राज्य कायदा आहे. गुणवत्ता न पाहता मर्जीतल्यांना झुकतं माप देणं हे त्याच्या चौथ्या अनुसूचीत अनुचित प्रथा म्हणून नोंदलेलं आहे. पण मुदत? घटनेपासून ९० दिवस. उशिराला पुरेसं कारण असेल तर न्यायालय तक्रार घेऊ शकतं. मॅटचं वर्षभर ऐकून पालिकेतली माणसं सुस्त राहतात, म्हणून मुद्दाम सांगितलं. अधिकारी पदावर असाल तर "कामगार" या व्याख्येत बसता का, ते आधी वकिलाकडून पाहून घ्या.

प्रश्न : माझे वरिष्ठ मला रात्री-अपरात्री घाणेरडे संदेश पाठवत. शेवटचा ११ जानेवारी २०२६ चा. मी त्यांना ब्लॉक केलं. २ मार्चला त्यांनी माझं टेबल बदलून मला रेकॉर्ड रूममध्ये टाकलं. मैत्रीण म्हणते, विशाखा समितीकडे तीन महिन्यांत जायचं असतं आणि टेबल बदललं तेव्हापासून मोजलं तर २ जूनपर्यंत वेळ आहे. (पत्र २५ एप्रिलचं)
– नाव नको, अंधेरी

उत्तर : २ जून विसरा. तुमचे पहिले तीन महिने ११ एप्रिललाच संपले.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत, प्रसंगांची मालिका असेल तर शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत करायची आहे. समितीला कारणं पटली तर ती लेखी नोंदवून आणखी तीन महिने देता येतात, त्यापुढे नाही. प्रश्न एवढाच, की रेकॉर्ड रूममध्ये टाकणं हा त्या मालिकेतला शेवटचा प्रसंग आहे का? सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर हेच आलं. एका प्राध्यापिकेच्या बाबतीत छळाचा शेवटचा प्रसंग एप्रिल २०२३ चा होता, ऑगस्टमध्ये तिला एका केंद्राच्या संचालकपदावरून दूर केलं आणि तिने डिसेंबरमध्ये तक्रार केली. न्यायालय म्हणालं, पदावरून दूर करणं ही प्रशासकीय कारवाई, ती लैंगिक छळाच्या मालिकेत मोजता येत नाही, तक्रार मुदतबाह्य. मला हा निकाल बायकांवर कठोर वाटतो. नकार दिलेल्या बाईचं पुढे काय करतात, हे ज्याने कार्यालय पाहिलंय त्याला ठाऊक आहे. पण माझ्या वाटण्यावर तुमची तक्रार टिकणार नाही.

तेव्हा ११ जानेवारीपासून मोजा. सहा महिने ११ जुलैला भरतात, तोही शनिवार. पण तिथपर्यंत जायचंच कशाला? या आठवड्यात तक्रार द्या आणि तिच्यातच उशिराचं कारण लिहा. तुमचा गोपनीय अहवाल तेच लिहितात ही भीती असेल तर तसं लिहा, आजारपण असेल तर डॉक्टरांचा कागद जोडा. कारण न लिहिता दिलेली तक्रार समितीने परत केली तर दोष समितीचा म्हणता येणार नाही. टेबल बदलल्याचंही लिहा, पण त्यांच्या रागाचा पुरावा म्हणून. मुदत त्यावर टांगू नका. नियमांप्रमाणे सहा प्रती द्यायच्या, साक्षीदारांची नावं-पत्ते आणि संदेशांच्या प्रती जोडून. ब्लॉक केलंत ते ठीक, मात्र जुने संदेश पुसू नका आणि फोन विकू नका.

एक गोष्ट बहुतेक बायकांना माहीतच नसते. चौकशी चालू असताना त्या माणसाला तुमचा गोपनीय अहवाल लिहिण्यापासून दूर ठेवून ते काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावं, अशी शिफारस समिती करू शकते. त्यासाठी तुम्ही लेखी मागणी करायला हवी. तीन महिन्यांपर्यंतची रजाही मागता येते आणि ती तुमच्या खात्यावरच्या रजेतून वजा होत नाही. कोणी "मिटवून टाका" म्हणत आलं, तर लक्षात ठेवा की समेट फक्त तुम्ही मागितला तरच होतो आणि त्यात पैशांचा व्यवहार चालत नाही. तक्रार खुद्द कार्यालयाच्या प्रमुखाविरुद्धच असेल तर जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. अंधेरी मुंबई उपनगर जिल्ह्यात येतं, त्याचं जिल्हाधिकारी कार्यालय वांद्र्याला आहे.

प्रश्न : मधुमेहामुळे माझी दृष्टी गेली. कार्यालय म्हणतं, स्वेच्छानिवृत्ती घ्या. किती दिवसांत तक्रार करायची?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी त्या स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करू नका. केली असेल तर स्वीकृतीआधी मागे घ्या, आजच. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्याला काढता येत नाही, खालच्या पदावरही आणता येत नाही. आहे ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. तेही नसेल तर जागा रिकामी होईपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा निर्माण केलेल्या, पदावर ठेवावं लागतं. तुमच्या आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असायला हवा. त्याच्याकडे जायला कलम २३ मध्ये तुमच्यासाठी मुदत लिहिलेली नाही. मुदत त्याला आहे, नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी. समाधान नाही झालं तर जिल्हास्तरीय समिती, शिवाय पुण्याला राज्याचे दिव्यांग आयुक्त. मात्र तुमच्याविरुद्ध लेखी आदेश निघाला की मॅटचं ते एक वर्ष सुरू झालंच.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत तिथल्या केंद्र सरकारच्या एका रुग्णालयात नोकरीला आहे. वर्णावरून तिला शिफ्टमध्ये डावललं जातं. मी वाचलं की तिथे तक्रारीला १८० किंवा ३०० दिवस मिळतात. मग सुट्टीत इकडे येऊन गेल्यावर करू म्हणते.
– एक वडील, दादर

उत्तर : काका, ते १८० आणि ३०० दिवस खासगी कंपन्यांतल्या आणि तिथल्या राज्य-स्थानिक सरकारांतल्या लोकांसाठी. फेडरल कर्मचाऱ्याला घटनेपासून ४५ दिवसांत आपल्याच खात्यातल्या ईईओ (समान रोजगार संधी) काउन्सेलरशी संपर्क साधावा लागतो, आणि हे ४५ दिवस सुट्ट्या धरून मोजतात. युनियनकडे गेलं किंवा वरिष्ठांना ईमेल केला, म्हणून ते दिवस थांबतील असं तिने धरून चालू नये. काउन्सेलरकडे प्रकरण मिटलं नाही तर औपचारिक तक्रारीचा हक्क सांगणारी नोटीस मिळते. ती मिळाल्यापासून फक्त १५ दिवस असतात. नेमके तेव्हाच ती दादरला तुमच्या घरी असेल आणि नोटीस तिकडच्या पत्त्यावर पडून राहील, असं होऊ देऊ नका. तिकीट काढण्याआधी तिने काउन्सेलरला गाठावं आणि इथला पत्ता व ईमेल लेखी कळवून ठेवावा.